तीन फुटांवरची फौज

नॉटिंगहॅममध्ये मी लोकांच्या फौजा रंगवून देते. टेबलावर लढायच्या वॉरगेममधल्या फौजा. भालाईत, तिरंदाज, घोडेस्वार, ऑर्क, ड्वार्फ, कबरीतून उठलेले सांगाडे, आणि सगळे बोटाच्या दोन पेरांपेक्षा लहान. एका खेळाडूच्या फौजेत असे शंभर-सव्वाशे सैनिक सहज निघतात. विकत मिळतात तेव्हा ते प्लास्टिकच्या चौकटीत सुट्या हात-पाय-मुंडक्यांच्या रूपात असतात. कापणं, चिकटवणं, रंगवणं ही कामं घेणाऱ्याची. पहिली दोन हौसेने उरकतात, तिसऱ्यापाशी पुष्कळ जण अडतात. खोकी माळ्यावर जातात, नोकऱ्या बदलतात, मुलं मोठी होतात आणि फौज राखाडीच राहते. माझ्याकडे येतं ते बहुतेक असं अडून राहिलेलं काम.

ते करताना मी एकच कसोटी धरते. इथले खेळाडू तिला ‘टेबलटॉप स्टँडर्ड’ म्हणतात. टेबलाशी उभं राहून साधारण तीन फुटांवरून पाहिलं की फौज देखणी दिसावी, कोण कुठला ते झटकन ओळखू यावं, आणि हातात उचलून घेतली तरी काम नेटकं वाटावं, एवढी तिची मागणी. प्रदर्शनासाठी रंगवलेल्या मिनिएचरची गोष्ट निराळी. १९८७ साली सुरू झालेल्या ‘गोल्डन डीमन’ स्पर्धेतली कामं पाहिली की हात आपोआप जोडले जातात. तिथे एकेका मूर्तीवर महिनेच्या महिने खर्ची पडलेले असतात. तो हिशेब शंभर सैनिकांना लावला तर फौज कधीच उभी राहणार नाही. म्हणून टेबलटॉपचं काम दुय्यम ठरतं का? मला ते मुळीच मान्य नाही. या कामात क्षणोक्षणी ठरवावं लागतं की हात कुठे चालवायचा आणि कुठे थांबवायचा. माझ्या अनुभवात वेग येतो तो या ठरवण्यातून. घाईने काम फक्त खराब होतं.

या धंद्याला नॉटिंगहॅमसारखं गाव नाही. खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले होते, पण राक्षस-पिशाच्चांच्या फौजांचं वेड पसरलं ते याच मुलखातून. ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये निघाली. १९७९ साली ब्रायन अ‍ॅन्सेल यांच्या साथीने तिने नॉटिंगहॅमजवळच्या नेवार्कमध्ये ‘सिटाडेल मिनिएचर्स’ सुरू केली आणि १९८३ साली ‘वॉरहॅमर’ बाजारात आणला. आज कंपनीचं मुख्यालय आमच्या लेंटन भागात आहे. तिथे घडलेल्या माणसांनी पुढे आसपासच आपली दुकानं थाटली. पेरी बंधूंची ‘पेरी मिनिएचर्स’, ‘वॉरलॉर्ड गेम्स’, ‘मॅन्टिक गेम्स’ ही सगळी इथलीच. त्यामुळे किराणा आणायला गेलं तरी रांगेत कोणीतरी शिल्पकार, साचे बनवणारा किंवा चाळीस वर्षं ऑर्क गोळा करणारा भेटतोच.

माझी आवड रांगांनी लढणाऱ्या फौजांची. २०१५ साली बंद झालेला आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने परतलेला वॉरहॅमरचा जुना प्रकार, किंवा मॅन्टिकचा ‘किंग्ज ऑफ वॉर’. यांत सैनिक चौकोनी तळांवर खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि वीस-वीसची तुकडी एकदम हलते. एकदा तुकडी हेच चित्र मानलं की प्रत्येक सैनिकाला परिपूर्ण करण्याचा हट्ट सुटतो. पुढच्या रांगेच्या ढाली, निशाण, भाल्यांची टोकं आणि शिरस्त्राणांचे माथे एवढंच लोक पाहतात. तिसऱ्या रांगेतल्या माणसाचा पट्टा त्याच्या पुढच्या माणसाच्या पाठीने झाकलेला असतो. त्या पट्ट्यावरचं बक्कल चमकवण्यात गेलेला वेळ निशाणाच्या वाट्याचा असतो.

डोळ्याला काय दिसतं, याचं एक साधं गणित मी मनात ठेवते. मिनिएचरचं माप ठोकळमानाने २८ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्श्याच्या आसपास. तो सैनिक तीन फुटांवरून पाहणं म्हणजे खरा माणूस पन्नास-पंचावन्न मीटरवर उभा असल्यासारखं आहे. इतक्या अंतरावरच्या माणसाची बुबुळं दिसत नाहीत. दिसतो तो चेहऱ्याचा उजेड, डोळ्यांच्या खोबणीतली सावली, उभं राहण्याची ढब आणि कपड्यांचा रंग. निरोगी डोळ्यालाही एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखू येत नाही. म्हणून सैनिकांच्या टोळीत मी बुबुळं काढत नाही. खोबणीत गडद तपकिरी वॉश, म्हणजे पातळ रंग, सोडते आणि भुवई, नाक, गाल, हनुवटी उजळते. तीन फुटांवरून माणूस बघतोय असंच वाटतं.

दुसरी बाब उजेडाची. खऱ्या झग्याच्या चुणीत सावली पडते, कारण ती चुणी बोटभर खोल असते. मिनिएचरवर तीच चुणी केसाएवढी उरते आणि दिव्याच्या उजेडात तिची सावली जवळजवळ नाहीशी होते. सपाट एकरंगी लावलेला सैनिक दुरून लगद्यासारखा दिसतो तो यामुळे. तेव्हा सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच आणावे लागतात, आणि खऱ्यापेक्षा ठळक आणावे लागतात. हातात धरल्यावर थोडी भडक वाटणारी कड टेबलावर अगदी योग्य दिसते. एखादी छटा बरोबर आहे की नाही ते ठरवायला मी भिंग बाजूला ठेवते, सैनिक टेबलाच्या पलीकडे उभा करते आणि मग पाहते.

हे सगळं मी एकेका सैनिकावर नाही, ओळीने सगळ्यांवर करते, आणि रांगेने काम करण्याची ही सवय माझी जुनी आहे. मी मूळची पेणची. काकांचा गणपतीचा कारखाना होता आणि सुट्टीत आम्ही मुलं तिथे हाताखाली असायचो. मूर्ती ओळीने मांडलेल्या असत. एकजण सगळ्यांना अंगाचा रंग देत पुढे सरके, त्याच्या मागून पितांबर, मग शेला, मग सोनेरी दागिने. डोळ्यांची आखणी काका स्वतः करत, तीही शेवटी, शांतपणे बसून. मला एखाद्या मूर्तीत रमलेलं पाहिलं की ते म्हणायचे, “अगं, आधी सगळ्यांचं अंग होऊ दे. डोळ्यांना मग सावकाश वेळ देऊ.” सामान्य कामं ओळीने उरकायची आणि वाचलेला वेळ जिथे माणसाची नजर जाते तिथे घालायचा, हे मी तिथे शिकले. नॉटिंगहॅममधल्या माझ्या मेजावर आज तोच क्रम चालतो.

काम सुरू होतं ते ग्राहकाशी बोलण्यापासून. फौज कुठल्या जमातीची यापेक्षा मला तिचे मुख्य रंग हवे असतात. मी तीनच मागते. एक रंग कापडाचा, तो फौजेची ओळख. दुसरा त्याला उठाव देणारा, ढालींसाठी किंवा पिसांसाठी. तिसरा लाकूड-चामड्याचा तपकिरी. धातू आणि कातडी त्यांवर येतातच. रंग वाढले की वेळ वाढतो, आणि दुरून फौज कसली ते कळेनासं होतं. मग एक नमुना सैनिक पूर्ण करून दाखवते. तो पसंत पडला की कुठला रंग कुठल्या क्रमाने लावला हे वहीत उतरवते. दोन वर्षांनी ग्राहकाने आणखी एक तुकडी आणली तरी ती जुन्या तुकडीशेजारी परकी वाटत नाही, ती या वहीमुळे.

रंगाआधी सफाई. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्लास्टिकवर बारीक शिवण उमटते. ती चाकूच्या पाठीने खरवडून काढावी लागते, कारण पुढे वॉश आणि कोरडा ब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश, याच शिवणीला आधी पकडतात. तरी पाय, कुशी, पाठीमागची पिशवी इथे मी फार वेळ घालवत नाही. चेहरा, शिरस्त्राण, खांदे आणि भाल्याचा दांडा स्वच्छ असले की झालं. मग पाच-पाच सैनिक लाकडी पट्टीवर दुहेरी टेपने चिकटवते. वीस सैनिक म्हणजे चार पट्ट्या. पट्टी धरून फिरवता येते, सैनिकाला बोट लागत नाही, आणि विसाव्यापर्यंत पोहोचेतो पहिला वाळलेला असतो. वाट पाहणं संपतं. वीसच्या पुढे मात्र मी जात नाही. हात यंत्रासारखा फिरू लागला की नजर मंदावते.

अस्तराचा हात स्प्रेने द्यायचा आणि त्यासाठी हवेचा अंदाज घ्यायचा. इंग्लंडच्या हिवाळ्यात बाहेर फवारलं तर ओल आणि थंडी दोन्ही नडतात. रंग गुळगुळीत बसत नाही आणि सैनिकावर खरखरीत थर येतो. म्हणून कोरडा दिवस मिळाला की मी पुढच्या कित्येक तुकड्यांना एकदम अस्तर देऊन ठेवते. अस्तर निवडणं हाच मोठा वेळ वाचवणारा निर्णय. सांगाड्यांना थेट हाडाच्या रंगाचं, चिलखती सैनिकांना चंदेरी, झगेवाल्यांना झग्याच्याच रंगाचं. २००७ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘आर्मी पेंटर’ने अशी रंगीत अस्तरं आणली ती नेमकी याच कामासाठी. सैनिकाचा निम्मा भाग डबा फवारतानाच रंगून निघतो.

कापडाचे रंग पुष्कळ असतील तर मी काळं अस्तर देते, त्यावर मऊ, जाड, गोल ब्रशने राखाडी रंग कोरडा-कोरडा फिरवते आणि शेवटी वरच्या बाजूने पांढरा. मेकअपचे ब्रश याला उत्तम चालतात. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात. म्हणजे सावली-उजेडाचं चित्र रंग लावण्याआधीच तयार होतं. त्यावर पारदर्शक रंगाचा एक हात दिला की सगळं मिळून येतं. गेम्स वर्कशॉपने २०१९ साली ‘काँट्रास्ट’ रंग काढले तेव्हापासून या पद्धतीला जोर आला. हे रंग उंचवट्यावर पातळ थांबतात आणि खाचेत साचतात, त्यामुळे एकाच हातात दोन छटा मिळतात. फर, चामडं, घोडे, पिसं, लाकूड यांच्यावर ते सुरेख बसतात. रुंद, गुळगुळीत भागांवर मात्र त्यांचे डाग पडतात. मोठ्या ढालीला आणि घोड्याच्या झुलीला मी नेहमीचाच अपारदर्शक रंग पातळ करून दोनदा देते.

रंगांचा क्रम घाणेरड्या कामाकडून स्वच्छ कामाकडे. जाळीदार चिलखतावर चंदेरी रंग कोरड्या ब्रशने फिरवला की तो आजूबाजूला उडतोच, म्हणून ते पहिलं. नंतर आतून बाहेर: कातडी, अंगरखा, चामडं, शेवटी शस्त्रं. ब्रश एक किंवा दोन नंबरचा, टोकदार. नवखे लोक केसाएवढा ब्रश शोधतात, पण त्यात रंग मावत नाही आणि सैनिकावर टेकेपर्यंत सुकतो. बारीक रेघ ब्रशच्या टोकाने येते, नंबरने नाही. रंग ओल्या पॅलेटवर ठेवला, म्हणजे स्पंजावर कागद अंथरून त्यावर, की विसाव्या सैनिकापर्यंत तो तसाच वाहता राहतो.

मग वॉश. पातळ, गडद रंग सगळ्यावरून सोडायचा. तो खाचांत उतरतो आणि दोन रंगांमधल्या सीमा आपोआप आखल्या जातात. मातकट फौजांना तपकिरी ‘अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड’, लोखंडाला काळा ‘नल्न ऑइल’. या टप्प्यावर मी सगळ्यांत जास्त लक्ष देते. वॉश लावला की लगेच प्रत्येक सैनिकाकडे परत यायचं आणि ढालीच्या मधोमध किंवा तळव्याशी साचलेलं तळं ओलसर ब्रशने टिपून घ्यायचं. अर्धवट वाळल्यावर हात लावला तर कडेचे ओघळ कायमचे उमटतात. टिपणं झालं की अर्धा-पाऊण तास मेजावरून उठायचं.

परत आल्यावर उजेडाचं काम. ‘फाउंड्री’ या मिनिएचर कंपनीसाठी केव्हिन डॅलिमोर यांनी एकाच रंगाच्या तीन छटांची पद्धत लोकप्रिय केली: गडद, मधली, फिकी. ती मी शिकले आणि अजून मानते. तुकडीसाठी मात्र वॉशने पहिली छटा दिलेलीच असते, म्हणून मी मूळ रंग उंच भागांवर परत लावते आणि फिक्या छटेची एकच रेघ काढते. ती कुठे? खेळाडू फौजेकडे वरून पाहतो. तेव्हा माथा, खांदे, ढालीची वरची कड, मनगटं, गुडघे. पाठीला आणि पायांना नाही. पुढच्या रांगेला पूर्ण रेघा, मागच्यांना माथा आणि खांदे पुरे. या क्षणी तुकडी जिवंत होते आणि आणखी रंगवण्याचा मोह सर्वांत प्रबळ होतो. तेव्हाच मी ब्रश धुते.

वाचलेला वेळ जातो तो नायकाला, नगाऱ्याला आणि निशाणाला. निशाणावर हाताने काढलेलं चिन्ह वीस सैनिकांची शान वाढवतं. मी आधी पेन्सिलीने हलकी रूपरेषा काढते आणि मग बाहेरून आत रंग भरत कड नेटकी करते. नायकाला मात्र बुबुळं देते, कारण त्याला लोक हातात उचलून पाहतात.

शेवटी तळ आणि वार्निश. तळावर पांढरा डिंक, वाळू, त्यावर गडद तपकिरी, कोरड्या ब्रशने फिकी माती, दोन-तीन गवताचे झुबके. तळाची कड सगळ्या फौजेत एकाच रंगाची आणि स्वच्छ. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी रंगवलेल्या तुकड्यांनाही सारखा तळ एका फौजेत बसवतो. या फौजा खेळायच्या असतात, बोटं लागणार, भाल्यांची टोकं झिजणार. म्हणून मॅट वार्निशचा हात, तोही कोरड्या हवेतच, नाहीतर त्यावर पांढुरकी साय धरते.

माझ्याकडे येणाऱ्यांत एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्याकडे ड्वार्फांची जुनी, धातूत ओतलेली फौज होती, तरुणपणी पगारातून थोडे-थोडे पैसे काढून जमवलेली. त्यांचे हात आता थरथरत होते आणि नातीला खेळ शिकवायचा होता. “उत्तम नको, पण माझ्या हयातीत पूर्ण हवी,” असं ते म्हणाले. मी त्यांना निळे अंगरखे आणि पिवळ्या ढाली सुचवल्या. ड्वार्फांच्या दाढ्या हाच त्यांचा चेहरा, म्हणून दाढ्यांना प्रत्येकी वेगळी छटा दिली. बाकी सगळं एका वहीतल्या क्रमाने. फौज नेताना नातही आली होती. तिने वाकून एकेका दाढीवाल्याची चौकशी केली आणि आजोबांनी प्रत्येकाला तिथल्या तिथे नाव ठेवलं. साध्या सैनिकांत बुबुळं कुणाला नव्हती. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

हे काम करताना मला पुरेसं या कल्पनेबद्दल आदर वाटू लागला. जे काम मनात परिपूर्ण आहे आणि कपाटात अपुरं आहे, त्याचा कोणाला उपयोग नाही. पुरेसं काम लोकांच्या हातात जातं, त्यांच्यात बोलणं सुरू करतं, शनिवारची दुपार भरून टाकतं. मात्र पुरेसं म्हणजे कसंही नव्हे. कुठला भाग दिसणार, कुठे नजर ठरणार, काय सोडून दिलं तरी चालेल, याचा विचार आधी झालेला असला तरच थांबण्याला अर्थ येतो. तो विचार करणं हेच कौशल्य. ब्रश त्याच्या मागून येतो.

रंगवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांना मी सांगते: पूर्ण फौजेकडे पाहू नका. पाच सैनिक पट्टीवर लावा, तीन रंग निवडा, वॉश, एक उजळ रेघ, तळ, वार्निश. तळासकट आणि वार्निशसकट संपवा, मगच सहाव्याला हात लावा. आणि ते पाच जण लगेच खेळायला न्या. टेबलाशी उभं राहिलं की पुढच्या पाचांत काय जास्त करायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळत जातं. मीही अजून तिथेच उभी राहून शिकते.